वेबसाइटची शाकारणी

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जतला थांबतात, त्यामागे प्रवाशांची सोय एवढंच कारण नाही. पुढे बोरघाटाचा ३७ ला १ असा चढ आहे आणि तो चढण्यासाठी इथे बँकर इंजिनं जोडावी लागतात. त्या सक्तीच्या थांब्यावर कर्जतचा वडा मोठा झाला. गिऱ्हाईक खिडकीत बसलेलंच असतं, त्याला शोधायला जावं लागत नाही.

आपल्या धंद्याला असा थांबा नाही. कृषी पर्यटन केंद्र असो, चार खोल्यांचा होमस्टे असो, नदीकाठचं कॅम्पिंग असो की गडावर गट घेऊन जाणारा वाटाड्या असो, कोणाच्याही दारात गाडी आपोआप उभी राहत नाही. शनिवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर लागलेल्या रांगेतली कुठली गाडी आपल्याकडे वळणार, हे बुधवारी-गुरुवारीच दादरच्या नाहीतर हिंजवडीच्या एखाद्या मोबाईलवर ठरून गेलेलं असतं. त्या मोबाईलवर आपण कसे दिसतो, याचा हा अंक आहे. तो मे महिन्यात काढण्यालाही कारण आहे. या दिवसांत आपण कौलं चाळतो, ताडपत्री बांधतो, गटारं मोकळी करतो. वेबसाइटची शाकारणी मात्र कोणी करत नाही. डिसेंबरात लिहिलेलं पान जुलैतही तसंच असतं, आणि डिसेंबरात खरी असलेली बरीच वाक्यं जुलैत खोटी झालेली असतात.

धबधब्यांचंच बघा. पावसाळा लागला की कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला बंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. आषाणे, सोलनपाडा, पाली-भुतिवली, खोपोलीचा झेनिथ, आडोशी ही नावं अशा आदेशांत येत आली आहेत. आणि नेमकी हीच नावं आपल्यातल्या अनेकांच्या वेबसाइटवर पहिल्याच फोटोखाली मोठ्या अक्षरांत असतात. पाहुणा ॲडव्हान्स भरतो, मुलाबाळांना घेऊन येतो, वाटेत पोलीस त्याला परत फिरवतात आणि संध्याकाळी तो एक तारा देऊन मोकळा होतो. त्याची चूक काय? बंदी आपण घातलेली नसते हे खरं, पण ती दरवर्षी येते हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला नसतं. पानाच्या वरच्या भागात दोन ओळी पुरतात: सध्या बंदी आहे किंवा नाही, कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि बंदी असेल तर आमच्याकडे त्याऐवजी काय करता येईल. आदेश निघाला त्याच दिवशी या ओळी बदलायच्या. ही सवय लागली नाही तर बाकी सगळं मार्केटिंग व्यर्थ आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नदीचंही तेच. ‘रिव्हर टच’ हा दलालांनी रुजवलेला शब्द आता सगळीकडे झाला आहे. उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठावर जागा असेल तर पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, पाण्यात उतरू देतो की नाही, हे लिहा. त्याने बुकिंग कमी होईल ही भीती खरी आहे. थोडं होईलही. पण जो येईल तो भांडायला उभा राहणार नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर ‘पावसाळी इर्शाळगड, थरार, फोटो पॉइंट’ अशी जाहिरात कोणाच्या जुन्या पानावर राहिली असेल तर ती आजच काढावी. यावर अधिक काही लिहायची गरज आम्हाला वाटत नाही.

रद्द केलेल्या बुकिंगचा नियम हाही पावसाळ्याचाच विषय आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी पाहुणा कर्जतला पोहोचूच शकत नाही. मग पैसे परत, की तारीख बदलून? अर्धे, की पूर्ण? हे फोनवर, आवाज चढल्यानंतर ठरवण्याची गोष्ट नव्हे. गाडी बंद, घाट बंद, प्रशासनाची बंदी आणि पाहुण्याचा स्वतःचा बेत बदलणं, या चार वेगळ्या बाबी आहेत. चारहींचं उत्तर साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत पानावर असावं आणि ॲडव्हान्स घेताना तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही जावा.

पावसाळ्यात विकण्यासारखंही पुष्कळ आहे, ते आपण वेळेवर सांगत नाही. काजवे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला दिसतात, त्यांचं पान लोक मे लागताच शोधू लागतात. भातलावणीला पाहुणे हवे असतील तर रोप टाकलं त्या दिवशीच तारखा जाहीर करता येतात, कारण तिथून साधारण तीन आठवड्यांनी लावणी येते. (ज्यांनी नेरळच्या शेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र घेतलं आहे त्यांनी हेही लिहावं की आमच्याकडे चिखलणी आणि लावणी नाही. चिखलात उतरायला आलेल्या शहरातल्या मुलांचा हिरमोड होतो, आणि गादीवाफ्यावर भात का पेरलं हे समजावणं हा स्वतंत्र कार्यक्रम होऊ शकतो.) वालाच्या शेंगांची पोपटी थंडीची. तिचे फोटो जुलैत झळकवून काय मिळणार?

आता पत्ता. इथे आपल्या दोन तालुक्यांची एक खास अडचण आहे. कर्जत नावाचा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. ‘कर्जतमधील फार्महाऊस’ एवढंच लिहिलं तर शोधणाऱ्यासमोर दोन्ही येतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी, म्हणजे वेबसाइटच्या तळाशी, नकाशाच्या नोंदीत आणि बिलावरही, ‘कर्जत, जिल्हा रायगड, ४१०२०१’ असं पूर्ण लिहा. खालापूरवाल्यांची अडचण याहून गमतीची आहे. वरदविनायकाचं महड आणि चवदार तळ्याचं महाड दोन्ही रायगडातच, आणि रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. नीट न बघता नकाशा लावला तर अष्टविनायकाला निघालेला माणूस शंभरेक किलोमीटर दक्षिणेला पोहोचेल. महडच्या आसपास ज्यांच्या खोल्या किंवा खानावळी आहेत त्यांनी ‘वरदविनायक मंदिर, खोपोलीजवळ, तालुका खालापूर’ हे शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे घालावेत. गावांच्या रोमन स्पेलिंगचा गोंधळ तर सगळ्यांचाच आहे. कोंढाणे तीन-चार प्रकारे लिहिलं जातं. लोक ज्या ज्या प्रकारे लिहितात ते प्रकार मजकुरात सहज येऊ द्या.

नकाशावरची खूण गावाच्या मध्यावर नव्हे, आपल्या फाटकावर असली पाहिजे. खांडस-कशेळेच्या पुढे किंवा डोंगराच्या पायथ्याशी मोबाईलची रेंज जाते आणि ‘लोकेशन टाका’ म्हणणारा पाहुणा तिथेच अडतो. शेवटच्या फाट्यापासूनचा रस्ता शब्दांत लिहून ठेवा: कोणतं देऊळ, कोणती शाळा, कुठे डांबर संपतं, पावसात लहान गाडी जाते की नाही. फोटो हलके करून चढवा. शेलू-नेरळच्या दरम्यान लोकलमध्ये उभं राहून पान उघडणाऱ्याला दहा मोठे फोटो उतरेपर्यंत दम धरवत नाही. आणि दरपत्रकाचा नुसता फोटो टाकू नका. चित्रातलं ‘शाकाहारी जेवण’ शोधयंत्राला मजकुराइतकं भरवशाने वाचता येत नाही, टाइप केलेलं येतं.

‘वेबसाइट हवीच कशाला, इन्स्टावरून बुकिंग येतं की’, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. त्याचं उत्तर २०२४ साली मिळून गेलं आहे. गूगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर फुकट एक पानाची वेबसाइट बनवता येत असे. छोट्या धंद्यांपैकी अनेकांनी ती बनवली, कार्डावर छापली, फलकावर रंगवली. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकणारा माणूस नकाशाच्या नोंदीकडे वळवला जात होता, नंतर तेही थांबलं. फलक मात्र अजून रस्त्याकडेला उभे आहेत. इन्स्टाग्राम, बुकिंगचे पोर्टल, फुकटची पानं यांचा उपयोग जरूर करावा, कमिशन परवडत असेल तर द्यावं. पण तिथली जागा आपली नसते. मालक उद्या नियम बदलेल, परवा खातं गोठवेल.

आपलं म्हणावं असं एकच असतं, ते डोमेन. तेही आपल्या नावावर असेल तर. आमच्या वाचकांपैकी किती जणांना हे छातीठोक सांगता येईल? बहुतेक ठिकाणी वेबसाइट पुतण्याने किंवा बदलापूरच्या कोणा मुलाने करून दिलेली असते, डोमेन त्याच्या ई-मेलवर घेतलेलं असतं, आणि तो आता पुण्यात नोकरीला असतो. नूतनीकरणाची सूचना त्याच्याच जुन्या ई-मेलवर जाते. मुदत संपली की वेबसाइट बंद पडते आणि त्या नावावरचे ई-मेलही येईनासे होतात. काही काळ ते नाव जादा पैसे भरून परत मिळतं. तो काळ उलटला की कोणीही घेऊ शकतं, आणि अशा सुटलेल्या नावांवर सट्टेबाजीची पानं उभी राहतात. आपल्या घरच्या नावाच्या फलकाखाली जुगार! तेव्हा नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ई-मेलवर आहे, मुदत कधी संपते हे या आठवड्यात विचारून घ्या. पुतण्यावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. जागेचा सातबारा आपण जसा स्वतः बघतो तसं हेही बघायचं. पाच वर्षांचे पैसे एकदम भरता आले तर उत्तमच. वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर तिचं आणि तिच्या प्लगिनचं अद्ययावतीकरण महिन्यातून एकदा, आणि त्याआधी एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर. पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असा शेरा दिसत असेल तर प्रमाणपत्र संपलं आहे किंवा कधी बसवलंच नव्हतं. ते फुकट मिळतं, त्याचे पैसे मागणाऱ्याला कारण विचारा.

नकाशावरच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतं हेही विसरू नये. २०१८ साली महाराष्ट्रात बँकेच्या शाखांचे फोन क्रमांक असेच बदलून लोकांना फसवलं गेलं होतं. फार्मस्टेच्या बाबतीत ॲडव्हान्स भलत्याच खात्यात जातो आणि शनिवारी कुटुंब सामानासकट आपल्या फाटकावर उभं राहतं. दर शुक्रवारी आपलीच नोंद दुसऱ्याच्या फोनवरून उघडा, क्रमांक लावून बघा, आपल्याकडेच घंटी वाजते का ते पाहा. यूपीआयचं नाव पानावर छापा आणि दुसऱ्या नावाने कोणी पैसे मागितले तर भरू नका असंही लिहा. फसवणूक झालीच तर १९३० वर तक्रार पाहुण्याने लगेच करायची असते. तो क्रमांक त्याला आपण सांगावा.

परीक्षणांबद्दल थोडक्यात. विकत घेऊ नका. ग्राहकांच्या ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक २०२२ मध्ये आलं, ते ऐच्छिक आहे, पण दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. वाईट परीक्षणाला रात्री अकरा वाजता, दिवसभर राबून थकलेल्या अवस्थेत उत्तर लिहू नका. सकाळी लिहा, चार ओळींत लिहा, आणि टाकीतलं पाणी खरंच संपलं असेल तर संपलं होतं असं लिहा. पाहुण्यांच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, त्यासाठी कायद्याची वाट कशाला बघायची?

जाहिरातीवर खर्च करायचा असेल तर तो या सगळ्यानंतर. पंधरा हजारांची ड्रोन रील करून तिच्याखाली लागत नसलेला फोन क्रमांक देणारे आपल्यात आहेत. हा अंक हातात पडेल तेव्हा मान्सून केरळच्या वाटेवर असेल. आपल्याकडे तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो. म्हणजे हाताशी दोन-तीन शनिवार-रविवार आहेत, आणि तेही मे महिन्याच्या गर्दीचे. काम मंगळवारी करा. त्या दिवशी खोल्या रिकाम्या असतात आणि पुतण्याही फोन उचलतो.