सही कर, पण शिक्षणातून नाव काढू नकोस

भातकापणी उरकली की कर्जत-खालापुरात कबड्डीला रंग चढतो. गावागावांत रात्रीचे सामने, भोंग्यावर समालोचन, स्टेजवर ज्याने चषक दिला तो पुढारी नाहीतर जमिनीचा दलाल. खेळणारी पोरे मात्र आपली असतात. बौद्धवाड्यातली, आगरी-कुणबी वस्तीतली, कातकरी-ठाकूर वाड्यांतली. गुडघे फुटतात त्यांचे, बॅनरवर फोटो दुसऱ्याचा.

गेल्या महिन्यात विहारातल्या आमच्या बैठकीत असाच एक पोरगा आला. एस.वाय.बी.ए.ला आहे, डावा कोपरा खेळतो. वडील खोपोलीजवळच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली. जिल्ह्याबाहेरच्या एका अकादमीने त्याला बोलावले आहे. राहणे-जेवण, महिन्याला थोडे हातखर्चाला आणि "पुढे प्रो कबड्डीत बघू" असा तोंडी शब्द. अट एकच, कॉलेज सोडून पूर्णवेळ यायचे. पोराने विचारले, "दादा, जाऊ का?" आणि बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, बाबासाहेबांनी शिका सांगितले, खेळा नाही. दुसरा म्हणाला, बी.ए. होऊन तू काय दिवे लावलेस, त्याला तरी जाऊ दे.

आम्हाला दोन्ही बाजू मान्य नाहीत. पोराने जावे. पण शिक्षण तोडून जाऊ नये. आणि जो त्याला तोडायला सांगतो, त्याला आपण सगळ्यांनी मिळून जाब विचारावा.

आधी पहिल्या तटाविषयी. उपाशी पोटाला शिक्षणाचे प्रवचन देणे सोपे असते. हा वाद अमेरिकेत बास्केटबॉलवरून पन्नास वर्षांपूर्वी झाला आहे. तिथल्या मोठ्या लीगचा नियम होता की शाळा सुटल्यावर चार वर्षे होईपर्यंत खेळाडूला घ्यायचे नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्या घरातला काळा पोरगा स्पेन्सर हेवूड याने कॉलेज मध्येच सोडले आणि या नियमाविरुद्ध कोर्टात गेला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने निकाल लागला. मग लीगने काय केले? लवकर यायचे असेल तर घरची हलाखी सिद्ध करा, अशी अट घातली! आपल्याकडे तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लावणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथली विद्यापीठे या पोरांच्या खेळावर प्रक्षेपणाचे कोट्यवधी डॉलर कमवत होती आणि पोरांना मात्र स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा २०२१ मध्ये मिळाली. म्हणजे "थांब, शीक" म्हणणाऱ्याचे स्वतःचेच हित त्यात होते. ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्या आपल्या समाजाने हेवूडचा हक्क नाकारायचा? कदापि नाही. कमवायचा हक्क पोराचा आहे.

पण अमेरिकेचे माप जसेच्या तसे इथे लावता येत नाही. इथले कॉलेज कबड्डीवर काही कमवत नाही. बहुतेक ठिकाणी मॅटसुद्धा नसते. पोरगा विद्यापीठ संघात गेला की माहितीपत्रकात फोटो छापतात, एवढाच संबंध. इथे पोराला अडवून ठेवण्यात कुणाचा फायदा नाही. फायदा आहे तो त्याला तोडून नेणाऱ्याचा. ज्याच्या मागे काही उरले नाही, तो पोरगा पुढे कशालाही तयार होतो.

आता दुसऱ्या तटाला आकडे सांगू. २०१९ मध्ये कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर मिळाले. हे सगळ्या पोरांना तोंडपाठ आहे. पण लीगमध्ये संघ बारा, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस जण. म्हणजे सगळ्या देशात मिळून तीनशे जागा. त्यात हरियाणाचे, त्यात इराणचे, त्यात जुने कायम ठेवलेले. २०१४ साली सुरू झालेली ही लीग २०२० मध्ये कोरोनात भरलीच नाही, पूर्ण वर्ष कोरडे गेले. आणि त्याच सिद्धार्थला पुढच्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने लवकरच बाहेर बसावे लागले. त्याच्यावर निदान नाव लागले होते. अकादमीच्या मॅटवर सरावात ज्याचा गुडघा जातो, त्याचे नाव कुणाला कळते? आम्ही अशा पोरांना पाहिले आहे. फार्महाउसच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे असतात. गुडघ्याला अजून पट्टा.

आणि त्या तीनशे जागांत आरक्षण नाही, हे आंबेडकरी पोरांनी ध्यानात ठेवावे. ते आहे सरकारी नोकरीत. तिथे खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणही आहे, वयातही पाच वर्षांची सूट आहे. पण शिक्षणाची अट खेळाडूलाही सुटत नाही. पोलीस शिपाई व्हायचे तर बारावी लागते, तलाठी व्हायचे तर पदवी. पदक घेऊन दाराशी गेला आणि हातात पदवी नाही, तर दार तसेच बंद. बी.ए. झालेला पोरगाही आज ठेकेदाराकडेच राबतो, हे खरे आहे, आम्ही नाकारत नाही. आमच्यातले दोघे तेच करतात. पण जाहिरात निघाली की ते अर्ज तरी भरू शकतात.

बाबासाहेबांचे नाव घेतलेच आहे तर पूर्ण घ्या. १९१३ साली बाविशीत त्यांनीही एका करारावर सही केली होती. बडोदा संस्थानाचा करार. परदेशी शिकायला पाठवतो, परत येऊन दहा वर्षे नोकरी कर. वडील त्याच वर्षी वारले होते, घरी ओढाताण होती. तरी सही केली, कोलंबियाला गेले आणि १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्यात परत आले. तिथे राहायला जागा मिळू दिली नाही, तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. पण कराराकडे बघा. त्या कराराने त्यांना शिक्षणाशी बांधले. आपल्या पोरापुढचा करार त्याला शिक्षणातून सोडवून घेतो. करार वाईट नसतो हो, त्यात काय लिहिले आहे ते बघावे लागते.

खेळाने माणूस मोठा होतो, पण प्रस्थापित त्याला किती मोठे होऊ देतात हेही पाहा. पालवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघात त्याच्या तोडीचा गोलंदाज नव्हता, पण कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. पुण्यात त्याच्यासाठी चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे करायला काँग्रेसला तोच बाळू आठवला! निवडून बाबासाहेब आले. बाळूचा दोष काढायचा नाही, त्याने सोसले ते फार होते. पण मैदानावरच्या टाळ्यांना अधिकार समजू नका.

मग त्या पोराने करायचे काय? अकादमीतून रोज कर्जतला हजेरी लावता येणार नाही आणि पंचाहत्तर टक्क्यांची अट कॉलेज सोडणार नाही. खासगी अकादमीसाठी तर नाहीच. म्हणून निघण्याआधी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाहीतर मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ विभागात प्रवेश घ्यायचा. नियमित प्रवेश सोडला तर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचे काय होणार, ते आधी विचारून तो हिशेब आईवडिलांना सांगायचा. करारात दोन गोष्टी लिहून मागायच्या. परीक्षेच्या दिवसांची रजा आणि दुखापत झाली तर पूर्ण उपचाराचा खर्च. तोंडी शब्द नको. कातकरीवाडीतल्या पोराला तर कागदच दाखवत नाहीत, नुसता अंगठा दाखव म्हणतात. तिथे आपण सोबत जायला हवे, जयंतीच्या डीजेची वर्गणी गोळा करतो त्याच तडफेने.

कर्जत आणि खालापूरच्या कोर्टात आपल्या समाजाचे वकील आहेत. त्यातल्या दोघांनी फुकट करार वाचून द्यायचे कबूल केले आहे. पोराच्या प्रवेशाची फी विहाराच्या पेटीतून भरायचे ठरले, त्यावरही तासभर भांडण झाले, पण ठरले. अकादमीकडे आम्ही कराराची प्रत लेखी मागितली आहे. तीन आठवडे झाले. प्रत आलेली नाही, "तुम्ही कोण?" असा फोन तेवढा आला.