कवडशात दिसणारा मेंदू

फीट येणाऱ्या रुग्णाला घेऊन नातेवाईक नांदेड किंवा लातूरच्या रुग्णालयात येतात, एमआरआय काढला जातो आणि अनेकदा अहवालात काहीच दोष दिसत नाही. ‘मशीनला काही सापडलं नाही, मग फीट येते कुठून?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त असतो. त्याचे उत्तर मोजमापात आहे. नेहमीचा एमआरआय साधारण एक मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. मेंदूच्या बाह्य थरात मात्र एका घन मिलिमीटरमध्ये हजारो चेतापेशी दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्या जोडणीतला बिघाड एमआरआयच्या चित्रात उमटत नाही. पेशी पाहायच्या तर सूक्ष्मदर्शकच हवा. गेल्या वीस वर्षांत मेंदू संशोधनाला ज्या सूक्ष्मदर्शकाने नवी नजर दिली, तो म्हणजे लाइट शीट मायक्रोस्कोप.

त्याचे तत्त्व माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला चटकन कळेल. झरोक्यातून कवडसा आत आला की एरवी न दिसणारे धूलिकण त्यात चमकू लागतात, कारण प्रकाश बाजूने येतो आणि मागे अंधार असतो. याच तत्त्वावर हाइनरिख सीडेनटॉफ आणि रिचर्ड झिग्मोंडी यांनी १९०२-०३ च्या सुमारास काचेतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाहिले. झिग्मोंडी यांना पुढे रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल मिळाले. जीवशास्त्रात या कल्पनेचा खरा बोलबाला झाला तो २००४ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथील युरोपीय प्रयोगशाळेत यान हुइस्केन, अर्न्स्ट स्टेल्झर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामानंतर.

या यंत्रात लेसरच्या प्रकाशाची पातळ चादर नमुन्यात बाजूने सोडली जाते. तिची जाडी असते मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकी. ती जिथून जाते तेवढाच थर उजळतो आणि काटकोनात ठेवलेला कॅमेरा तो अख्खा थर एका क्षणात टिपतो. मग नमुना किंचित सरकवायचा आणि पुढचा थर टिपायचा. असे शेकडो थर संगणकावर एकावर एक रचले की नमुना न कापता त्याचे त्रिमितीय चित्र तयार होते. इतर भागांवर प्रकाश पडत नसल्याने जिवंत पेशींना इजाही कमी होते.

अडचण एवढीच की मेंदू अपारदर्शक असतो. पाणी, चरबी आणि प्रथिने यांतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो आणि विखुरतो. यावरचा उपाय भज्यांच्या कागदासारखा आहे. कागदावर तेल पसरले की त्याच्या धाग्यांमधल्या हवेची जागा तेल घेते आणि पलीकडचे दिसू लागते. तसेच मेंदूतील पाणी आणि बरीचशी चरबी काढून योग्य द्रव भरला, की तो काचेसारखा होतो. २००७ मध्ये हान्स-उलरिख डॉट यांच्या गटाने उंदराचा अख्खा मेंदू असा पारदर्शक करून त्यातील चेतापेशींची जाळी दाखवली.

जिवंत मेंदूसाठी मदतीला आला तो झेब्रा मासा. तो मूळचा भारतीय उपखंडातलाच. त्याचे पिल्लू जन्मतःच जवळजवळ पारदर्शक असते आणि त्याच्या मेंदूत सुमारे एक लाख चेतापेशी असतात. अमेरिकेत मीशा आरेन्स आणि फिलिप केलर यांनी २०१३ मध्ये त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशींची हालचाल दर १.३ सेकंदाला टिपली. अशा पिल्लात औषधाने फीटसारखी स्थिती निर्माण केली, तर ती कुठे सुरू होते आणि कशी पसरते हे पाहता येते, त्यावर नवी औषधे तपासता येतात.

पण हे यंत्र रुग्णाच्या डोक्यात डोकावू शकत नाही, हे स्पष्ट असायला हवे. त्याचे काम पारदर्शक जीवांवर किंवा शरीराबाहेर काढलेल्या ऊतींवर चालते. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून हलका, तर माणसाचा सुमारे तेराशे ग्रॅमचा. तो एकसंध पारदर्शक करून पाहणे फार अवघड असल्याने त्याचे तुकडे करावे लागतात. फीट येणाऱ्यांसाठी आजचा उपाय साधा आहे. वेळेवर निदान आणि नियमित उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फीटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा थांबली आणि गोळ्यांत खंड पडला नाही, तर पुष्कळ काही साधते. प्रश्न उरतो तो ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांचा. नव्या संशोधनाची गरज मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

हे संशोधन साखळीने चालते. आधी मेंदूची ऊती मिळवायची, मग ती यंत्राखाली टिपायची आणि शेवटी चित्रांचे विश्लेषण करायचे. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशासंग्रह सर्वांसाठी खुला केला. तो लाइट शीटने नव्हे, तर मेंदूचे पातळ काप घेऊन तयार झाला. त्यात ५,१३२ कापांची चित्रे आहेत. पण त्यामागे वैद्यकीय संस्थांचे सहकार्य आणि संगणकाचे अफाट काम होते, आणि लाइट शीटच्या कामालाही हेच दोन्ही लागते.

मराठवाड्याची जागा इथे शोधता येते. नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही. लातुरातही शासकीय वैद्यकीय संस्था आहे. मेंदूदानाला मृत्यूनंतर काही तासांचीच मुदत असते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, पण ती इथून शेकडो किलोमीटर दूर. एका उंदराच्या मेंदूची चित्रेही टेराबाइटमध्ये भरतात आणि ती वाचायला माणसे कमी पडतात. ते काम कुठेही बसून करता येते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. तिथे औषधे आणि मनुष्यबळ आधी, सूक्ष्मदर्शक नंतर, हा आक्षेप योग्यच आहे. म्हणून कोट्यवधींच्या यंत्राची मागणी करण्यात अर्थ नाही. पण ऊतीदानाची नीट व्यवस्था आणि चित्रे वाचणारे विद्यार्थी यांना तेवढा पैसा लागत नाही. ‘नीट’च्या तयारीसाठी हजारो मुले लातूरला येतात. त्यातल्या बहुतेकांना जीवशास्त्रातून पुढे जाणारा एकच रस्ता दाखवला जातो. दुसराही आहे, हे त्यांना सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.