सभागृहातील मारहाण आणि मतदाराचा कौल

९ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र विधानसभेत नवनिर्वाचित सदस्यांचा शपथविधी चालू असताना अबू आझमी हिंदीतून शपथ घेऊ लागले, आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या सदस्यांनी त्यांच्या अंगावर धावून जाऊन मारहाण केली. चार सदस्य चार वर्षांसाठी निलंबित झाले. आमच्या श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावी नागरिकशास्त्राचा तास घेणाऱ्या शिक्षकाने हा प्रसंग कोणत्या धड्याखाली शिकवावा?

घटनेच्या २१० व्या अनुच्छेदाने विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत वा इंग्रजीत चालविण्याची मुभा दिली आहे. आझमींचे वर्तन कित्येकांना आगळिकीचे वाटले, तरी ते बेकायदा नव्हते. मराठीच्या उपेक्षेचे दुखणे खरे आहे. कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्यास ते सांगावयास नको. परंतु ते मांडावयाचे स्थान सभागृहच ना? तेथेच हात उचलला गेला, आणि चर्चा मराठीची न होता थपडेची झाली!

प्रतिनिधीने प्रतिनिधीवर हात टाकण्याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि त्यामागील प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेलाच. त्या मुक्तीपूर्वी, मे १८५६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी गुलामगिरीविरुद्ध दोन दिवस भाषण केले आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर बटलर यांची जिव्हारी लागेल अशी टवाळी केली. २२ मे रोजी बटलर यांचे आप्त व प्रतिनिधिगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रूक्स सिनेटच्या दालनात आले आणि आपल्या मेजाशी लिहीत बसलेल्या सम्नर यांना त्यांनी हातातील काठी मोडेपर्यंत बडविले. सम्नर रक्तबंबाळ होऊन कोसळले.

खरा बोध पुढच्या घटनांत आहे. ब्रूक्सच्या हकालपट्टीच्या बाजूने १२१ व विरुद्ध ९५ मते पडली. पण दोनतृतीयांश बहुमत लागत होते, ते मिळाले नाही. न्यायालयाने ३०० डॉलर दंड केला. ब्रूक्सने स्वतःच राजीनामा दिला आणि मतदारांनी त्याला पुन्हा निवडून पाठविले. दक्षिणेतील चाहत्यांनी तर त्याला नव्या काठ्या भेट धाडल्या! पाच वर्षांच्या आत त्या देशात यादवी युद्ध पेटले. शपथेच्या भाषेचा वाद आणि माणसांची खरेदीविक्री यांना एका तागडीत घालणे अर्थातच अन्यायाचे होईल. साम्य आहे ते हात टाकणाऱ्याच्या पुढील वाटचालीत.

आपल्याकडेही २००९ चे निलंबन मुदत संपण्यापूर्वीच उठले. त्या चौघांपैकी राम कदम यांचे नाव मार्च २०१३ मध्ये विधानभवनाच्या आवारात पोलीस अधिकाऱ्यास झालेल्या मारहाणीवरून निलंबित झालेल्या पाच आमदारांतही होते, आणि २०१४ साली, पक्ष बदलून, ते पुन्हा निवडून आले. १७ जुलै २०२५ रोजी गोपीचंद पडळकर व जितेंद्र आव्हाड यांच्या समर्थकांची विधानभवनातच हाणामारी झाली. म्हणजे आता आमदारांचे अनुयायीही तेथवर पोहोचले.

सभागृहाने कठोर व्हावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु २०२१ साली बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरविले. निर्णय योग्यच होता. मतदारसंघाला वर्षभर प्रतिनिधीविना ठेवणे ही शिक्षा आमदारापेक्षा मतदाराला अधिक होती. मात्र त्यामुळे सभागृहाचा दंड चार दिवसांचा राहिला, आणि उरलेला हिशेब मतदाराकडे आला.

मॅसॅच्युसेट्सने तो आपल्या परीने चुकता केला. सम्नर जखमांनी व आजाराने सभागृहात बसू शकत नसताही त्या राज्याच्या विधिमंडळाने १८५७ साली त्यांनाच पुन्हा निवडले, आणि १८५९ च्या अखेरीस ते परत येईपर्यंत सिनेटमधील त्यांची जागा बहुतेक काळ रिकामीच होती.