रंगाचा पडदा

विजयदुर्ग पूर्वीं रत्नागिरी जिल्ह्यांत होता, त्यामुळें तेथील ‘साहेबाचे कट्टे’ आपल्याकडील वाचकांस ठाऊक असतीलच. ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं सर नॉर्मन लॉकयर यांनीं तेथें तळ दिला व वर्णपटाचीं छायाचित्रें काचांवर घेतलीं. (हेलियम १८६८ सालीं येथेंच सांपडला असें सांगतात, तें खरें नव्हे, त्या ग्रहणाचे वेळीं लॉकयर इंग्लंडांत होते.)

त्या काचांवर रंगाचा पडदा नव्हता. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तो बहुधा असतोच. ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटाप्रमाणें दर चार घरांपैकीं दोन हिरवीं, एक तांबडें व एक निळें. तेव्हां तेजोमेघांतील हायड्रोजनचा तांबडा प्रकाश टिपूं जावें, तर चारांतील एकच घर कामास येतें.

म्हणून कित्येक हौशी लोक ही जाळी घरींच खरवडून काढतात. सेन्सरवरील काच ऊब देऊन सैल करावयाची आणि लाकडी काडीनें लेप हळुहळू उतरवावयाचा. कडेच्या तारा केसाहूनही बारीक. त्या तुटल्या कीं सेन्सर गेलाच म्हणून समजावें. शिवाय रंगाबरोबर घराघरावरील सूक्ष्म भिंगेंही जातात व मिळविलेल्या प्रकाशांतला कांहीं वांटा हातचा सुटतो.

चिरंजीवांनीं हट्टच धरला, तर अडगळींतला जुना कॅमेरा द्यावा, मुंजीलग्नाचा नव्हे. आजोबांची कृष्णधवल तसबीर एवढीच हौस असेल, तर रंगीत चित्रांतूनही ती उत्तम निघते.