हुदहुद पाहिलाय का कुणी?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मी सहज विचारलं, "हुदहुद कुणी पाहिलाय?" आमची शाळा उर्दू माध्यमाची. हजरत सुलैमान यांचा किस्सा सगळ्यांना पाठ. सूरह नमलमध्ये हुदहुद सबाच्या राणीची खबर घेऊन येतो, हे मुलांनी घडाघडा सांगितलं. पण पाहिलाय कुणी? वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, डोक्यावर पंखा असतो तोच ना? तो आमच्या परसात येतो. दादी त्याला सुतार म्हणते."

पक्षी बरोबर होता, नाव चुकलं होतं. सुतार वेगळा, तो झाडाच्या खोडावर चोच मारतो. हुदहुद जमिनीवर चालतो आणि लांब वाकडी चोच मातीत खुपसून किडे काढतो. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, कर्जत-खालापूरकडच्या गावांबाहेर, थंडीच्या दिवसांत तो दिसतो. म्हणजे किताबातला पक्षी परसात होता आणि वर्गात एकीलाच ठाऊक होता. मुलांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. मी स्वतः तो पहिल्यांदा ओळखला तेव्हा अडतीस वर्षांची होते. बीएडला क्षेत्रभेटीचा पाठ काढून चांगले गुण मिळवले होते, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही क्षेत्रभेट नेली नव्हती.

उर्दू शिकवताना या दिवसांत दरवर्षी एक अडचण येते. उर्दू शायरीतली बहार इराणातून आलेली. तिथे बर्फ वितळतो, गुलाब फुलतात, बुलबुल गातो. तो बुलबुल आपला नव्हेच. फारसी शायरीतला बुलबुल म्हणजे नायटिंगेल, तो कोकणात कुठला? आपल्याकडे कपडे वाळत घालायच्या दोरीवर येऊन बसतो तो काळ्या डोक्याचा, शेपटीखाली लाल असलेला लालबुड्या बुलबुल. आवाज गोड आहे त्याचा, पण रात्रभर विरहात रडणाऱ्यांतला तो नाही. त्याला पेरू हवा असतो.

आपली बहारही वेगळी. इथे पानगळ आणि फुलोरा एकदमच येतात. काटेसावरीवर एक पान नसतं आणि झाड लाल फुलांनी भरलेलं असतं. पळसाचं तेच, पांगाऱ्याचं तेच. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी वासाची फुलं येतात, आंबा मोहरतो, मार्चमध्ये कुसुंबाला फुटलेली लाल पालवी लांबून फुलंच वाटते. शेतात राब भाजायचा धूर असतो. हे सगळं शाळेच्या खिडकीतून दिसतं आणि मी फळ्यावर 'बहार' या शब्दाचा अर्थ लिहीत असते.

आता घरातलं सांगते, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

आमच्या घरी या ऋतूतला रविवार असा जातो. सकाळी मुलांचे अब्बू आणि धाकटा मुलगा टेनिस बॉलच्या सामन्यांना जातात. थंडी संपता संपता आमच्याकडच्या मोकळ्या शेतांत दर आठवड्याला सामने लागलेले असतात, मंडप, भोंगा, कॉमेंट्री सगळं. मी आठवड्याचे कपडे धुते. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गच्चीवर पापड आणि सांडगी मिरची वाळत घालतात. तेरा वर्षांची माझी मुलगी कावळे हाकलायला गच्चीवर बसते. आम्हा तिघींसाठी मोकळी हवा म्हणजे गच्ची. तिथून माथेरानचा डोंगर स्पष्ट दिसतो. त्या डोंगरावर जायला मुंबईहून दर रविवारी माणसं गाड्या भरून येतात. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधली, पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा. आपण हे अभिमानाने सांगतो. पण माझ्या नात्यातल्या किती बायका त्या गाडीत कधी बसल्या, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील. आणि त्या राहतात नेरळला.

मुलीला शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून कळलं की फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात. यंदा १४ ते १७ तारीख होती. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले पक्षी मोजून मोबाईलवर नोंदवायचे. घराच्या अंगणातूनही चालतं. पण तिला अंगण नको होतं, तिला कोंढाण्याच्या लेण्यांची वाट हवी होती. वर्गातल्या दोन मुली आपल्या वडिलांबरोबर तिकडे जाणार होत्या.

अम्मी म्हणाल्या, "पोरगी मोठी झाली, आता डोंगरात कसलं फिरणं?"

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. माझं माहेर खालापूर तालुक्यात. दहा वर्षांची होईपर्यंत मी पाताळगंगेत भावांबरोबर पोहत होते, सूर मारत होते. मग ते बंद झालं. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. एक दिवस अम्मीने माझा टॉवेल उचलून आत ठेवला, एवढंच. भाऊ पुढेही जात राहिले. आज शाळेत तेच बघते. पाचवीपर्यंत मैदानावर मुली असतात. सातवी-आठवीत त्या भिंतीच्या कडेला बसायला लागतात. दहावीला त्यांना मैदानावर बोलावलं तर पाय कसे टाकायचे हेच त्या विसरलेल्या असतात.

अम्मींची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाडीतली कित्येक घरं दरडीखाली गेली. तेव्हापासून त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे माणसं गिळणारी वस्तू. पण त्याच डोंगरात नातू मित्रांबरोबर जातो तेव्हा त्या त्याला फक्त पाण्याची बाटली घे म्हणतात. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या गप्प बसल्या, होकार मात्र दिला नाही. मुलांच्या अब्बूंनी त्या रविवारचा सामना सोडला, ही मोठी गोष्ट. शब-ए-बरातचा चण्याच्या डाळीचा हलवा उरला होता, तो डब्यात घातला आणि आम्ही चौघं सहालाच निघालो.

कोंदिवड्यात गाडी लावून चालायला लागलो. थोडं पुढे एक काटेसावर होती, तिच्याखालून आम्ही अर्धा तास हललोच नाही. भोरड्या, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, सगळे त्या फुलांवर तुटून पडलेले. मुलगी मोजत होती आणि वैतागत होती, कारण भोरड्यांचा थवा एका जागी ठरत नव्हता. मुलगा म्हणाला, "शंभर लिही." ती म्हणाली, "असं नाही चालत." बहीण-भावाचं भांडण झालं. कुठल्याही घरातल्यासारखं.

मोळी घेऊन येणारी एक ठाकर बाई थांबली. काय बघताय म्हणाली. पक्षी, म्हटलं. ती हसली, "बघायलाच आलाव? धरायला नाय?" मग तिनेच झुडपातला भारद्वाज दाखवला, कुंभारकावळा म्हणाली. आपल्या छंदाबद्दल फार मोठं बोलायचं नाही हे मी तिथे शिकले. ती बाई त्याच वाटेने रोज चालते, डोक्यावर ओझं घेऊन. तिला कुणी 'मोठी झालीस, डोंगरात कशाला' म्हणत नाही, कारण तिच्याशिवाय चूल पेटत नाही. बाईचं रानात जाणं कामासाठी असेल तर चालतं. तिने नुसतं बघायला जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात.

पुढे मुंबईची ट्रेकर मंडळी भेटली. मी आणि मुलगी बुरख्यात नव्हतो, पण डोक्यावर स्कार्फ होता. त्यातले एक गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, "दर्गा शोधताय का? या वाटेला दर्गा नाही, लेणी आहेत." मुलीने तितक्याच नम्रपणे सांगितलं, "काका, आम्ही लेण्यांनाच चाललोय." गृहस्थ ओशाळले. वाईट माणूस नव्हता. पण स्कार्फवाली बाई रानात दिसली तर ती नवस फेडायला आली असणार, फिरायला नव्हे, हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं? थोडं त्यांच्याकडून, थोडं आपल्याकडून. आपण त्यांना कधी दिसलोच नाही तर त्यांनी दुसरं काय समजावं?

परत आल्यावर मोहल्ल्यातून यायचं ते आलंच. एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलांच्या अब्बूंना मशिदीबाहेर विचारलं, "मुलींना असं रानात फिरवणं दीनमध्ये कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं शोधायचं तर सापडतं. जमिनीवर फिरा आणि पाहा, हे कुरआनात एकदा नाही, अनेकदा येतं. हजरत आयेशा यांनी प्रवासात पैगंबर सल्लल्लाहू अलैही व सल्लम यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, पहिल्यांदा त्या जिंकल्या आणि पुढे एकदा हरल्या, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मी हे सांगू शकते. पण खरं सांगू? मला हे सांगत बसायचं नाही. मुलाला क्रिकेटला पाठवताना कुणी हदीस शोधत नाही. मुलीने पक्षी बघायचे म्हटले की आधी दाखला आणा. या परवानगीच्या सवयीवर माझा राग आहे, दीनवर नाही.

आणि आपल्यात हे नवीन आहे का? सालिम अली आपल्याच जिल्ह्यात किहीमला येत. १९३० मध्ये त्यांनी तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर रानावनातल्या मुक्कामांना असत. जमाल आरा हे नाव तर आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात हवं होतं. बिहारमध्ये १९२३ साली जन्मलेली, दहावीपर्यंत शिकलेली ही बाई छोटा नागपूरच्या जंगलांत पक्ष्यांच्या नोंदी करत राहिली. पक्षी कसे बघावेत यावरचं तिचं छोटं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० मध्ये काढलं. मी वीस वर्षं शिकवते आहे आणि तिचं नाव मला मागच्या वर्षी कळलं.

रमजान यंदा २ मार्चला सुरू झाला. अनेक वर्षांनी तो असा बहारच्या दिवसांत येतोय. सहरी संपवून फजर पढली की आमचं घर पुन्हा झोपतं. यंदा मी आणि मुलगी झोपलो नाही. गच्चीवर चटई टाकून बसलो. अंधार असतानाच दयाळ सुरू होतो. उजाडायला लागलं की तांबटाची टुक टुक, मग बुलबुल, मग सगळेच. वीस-पंचवीस मिनिटं. मग मी शाळेच्या तयारीला लागते. दहावीच्या परीक्षेवर देखरेख होती, रोजा होता, तरी दिवस हलका गेला. यात धार्मिक काही सांगायचं नाही. दिवसातली वीस मिनिटं माझी होती, एवढंच.

या वीस मिनिटांवर मी अडून बसले आहे. छंद हा श्रीमंतांचा, असं आपल्या बायका म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पैसा लागत नाही, पण वेळ लागतो, आणि बाईचा वेळ घरात कुणाचा तरी असतो. त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा कपडे तसेच राहिले, ते सोमवारी रात्री धुतले. पुढच्या रविवारी मुलाने धुतले. वाईट धुतले. चालेल.

आमच्या शाळेतल्या आणि मोहल्ल्यातल्या पालकांकडे माझं मागणं लहान आहे. गड चढायला सांगत नाही. महिन्यातून एक रविवार, सकाळी सहा ते नऊ, दोन-तीन कुटुंबांनी मिळून जायचं, मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन. उल्हास नदीचा काठ चालेल, पळसदरीचा तलाव चालेल. दुर्बीण नसली तरी चालते. पाणी, टोपी, घट्ट चप्पल हवी. वाट माहीत नसेल तर वाडीतल्या माणसाला बरोबर घ्यावं आणि त्याचे पैसे द्यावेत. बायकांची खरी अडचण शौचालयाची असते, तेव्हा पायथ्याच्या गावात कुणाकडे तरी आधी बोलून ठेवावं. हे कुठल्याही सहलीच्या माहितीत लिहिलेलं नसतं, कारण माहिती पुरुष लिहितात.

सातवीच्या त्या मुलीने गेल्या आठवड्यात वहीत हुदहुदचं चित्र काढून आणलं. खाली उर्दूत आणि मराठीत नाव. दादीने अजून सुतार म्हणणं सोडलेलं नाही म्हणाली.

चंद्र वेळेवर दिसला तर ईद ३१ तारखेला. बासी ईदला आमच्याकडे सगळे रिसॉर्टला जातात. यंदा मुलीने पुन्हा कोंढाण्याचं नाव काढलं आहे, कुसुंबाची पालवी बघायची म्हणे. काल इफ्तारनंतर भांडी आवरताना अम्मींनी मला विचारलं, त्या वाटेवर बसायला सावली आहे का आणि किती चालावं लागतं. मी म्हटलं, काटेसावरीपर्यंत फार नाही. त्या म्हणाल्या, मग शीरखुर्मा मोठ्या डब्यात काढून ठेव.