सुबाभळीचं काय करायचं?

गेल्या महिन्यात आमच्या ह्यांची भाची चार दिवस भिलाईला येऊन गेली. नुकतीच ती मॉरिशसला फिरून आली होती, त्यामुळे संध्याकाळचा चहा झाला की मोबाइलवरचे फोटो दाखवण्याचा कार्यक्रम ठरलेला. समुद्र, देऊळ, पुन्हा समुद्र. गिरमिटिया मजूर म्हणून मुंबईहून बोटीने तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी एका घरी ती जेवूनही आली होती. वरणाची चव आपल्यासारखीच, म्हणाली.

मध्येच एक फोटो आला. उपटलेल्या रोपांचा ढीग, आणि शेजारी कंबरेवर हात ठेवून उभा असलेला घामाघूम माणूस. बारीक पानं, चिंचेसारखी. मी चटकन म्हटलं, "अगं, ही तर आपली सुबाभूळ!"

"हो मामी. त्या बेटावरून तिला काढून टाकतात. वर्षानुवर्षं तेच काम चाललंय."

मी गप्प बसले. कारण आमच्या घरामागे तीन सुबाभळी उभ्या आहेत, आणि त्या मीच लावल्या आहेत.

त्या बेटाचं नाव 'इल ओ एग्रेत', म्हणजे बगळ्यांचं बेट. मॉरिशसच्या किनाऱ्यापासून किलोमीटरभरही दूर नाही. आकार अवघा २६ हेक्टर, आपल्या हिशेबात चौसष्ट-पासष्ट एकर. पोवळ्यांच्या चुनखडीचा खडक, माती नावापुरती. पण मॉरिशसच्या किनाऱ्यालगत एके काळी जे कोरडं जंगल होतं, त्याचा उरलासुरला तुकडा या खडकावर टिकून आहे. बाकीचं डच, फ्रेंच आणि इंग्रज अशा तीन राजवटींत लाकडासाठी आणि उसासाठी गेलं. हा तुकडाही लाकूडतोडीतून सुटला नव्हता. १९६५ साली बेट राखीव झालं आणि १९८० च्या दशकात तिथल्या वन्यजीव प्रतिष्ठानाने ते हाती घेतलं, तेव्हा मूळच्या झाडांच्या जागी बाहेरून आलेल्या झाडांची दाटी झाली होती. सुबाभूळ त्यांतलीच एक.

त्या जंगलातलं मोलाचं झाड म्हणजे एबनी, काळ्याकुळकुळीत लाकडाचं. गंमत अशी, की हा एबनी आणि आपल्या छत्तीसगडातला तेंदू एकाच कुळातले, सख्खे म्हणा की चुलत. ज्याची पानं विडीसाठी तोडायला उन्हाळ्यात इथली गावंच्या गावं जंगलात जातात, त्या तेंदूचा भाऊ हिंदी महासागरातल्या एका खडकावर तग धरून आहे! हे कळल्यावर ते बेट मला एकदम नात्यातलं वाटायला लागलं.

एबनीची फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकणारी मॉरिशसची प्रचंड कासवं माणसांनी खाऊन केव्हाच संपवली. म्हणून २००० साली अल्डाब्रा बेटांच्या जातीची कासवं या बेटावर आणून सोडली. त्यांच्या पोटातून गेलेल्या एबनीच्या बिया जास्त चांगल्या रुजतात, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. म्हणजे कासव परदेशीच, पण उपयोगाचं. तेव्हा बाहेरचं ते सगळं वाईट, असं काही तिथली माणसं मानत नाहीत.

आणि मानायचं म्हटलं तर आपली तरी कुठे सोय आहे? मिरची, पेरू, सीताफळ, टोमॅटो ही सगळी अमेरिकेकडून आली. मे महिन्यात भिलाईच्या रस्त्यांवर पेटणारा गुलमोहर मादागास्करचा. भिलाईसुद्धा बाहेरून आलेल्या माणसांचंच गाव. आम्ही भंडाऱ्याहून आलो, शेजारचे केरळचे. पाहुणा कुठला, हे विचारण्यापेक्षा तो शेजाऱ्याला जागा ठेवतो की नाही, हे पाहिलेलं बरं.

उलटही घडतं. शाकुंतलातली आपली माधवीलता (मधुमालती नव्हे, ती वेगळी; नर्सरीवाले हमखास घोटाळा करतात) शोभेसाठी मॉरिशस आणि रेयुनियन बेटांवर गेली. तीन पंखांच्या बिया वाऱ्यावर उडवत ती तिथल्या रानात शिरली, आणि आता मोठमोठी झाडं तिच्या ओझ्याखाली गुदमरतात. माहेरी गुणी असलेली मुलगी सासरी असं करते, कारण तिथे तिच्यावर वचक ठेवणारे किडे नाहीत, रोग नाहीत, चरणारी जनावरं नाहीत.

इथलं उदाहरण द्यायचं तर गाजरगवत. भारतात ते पसरताना पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५५ साली पुण्यात. योगायोग म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करारही त्याच वर्षीचा. अमेरिकन गव्हाबरोबर ते आलं असं सगळे सांगतात, पण तो गव्हाचा पहिला करार १९५६ चा. तेव्हा त्या गव्हाच्या माथी सगळा दोष मारता येत नाही. एक झाड हजारोंनी बिया टाकतं. १९८४ साली बंगळुरूला मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे त्यावर सोडले, ते पावसाळ्यात पानं फस्त करतात, पण गवत संपलेलं नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं.

आमच्या घरात मात्र ही जागृती फार उशिरा झाली. हे निवृत्त झाल्यावर रोज सकाळी कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानावर फिरायला जायचे. दोन वर्षांपूर्वी मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळगीत लाल चट्टे उठले. साबण बदलला, डाळीचं पीठ झालं, पथ्य झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, फिरायला कुठे जाता? मैदान गाजरगवताने पांढरं झालं होतं. हाताने शिवायलाही नको, वाऱ्यावरचे कण पुरतात. ह्यांचं फिरणंच बंद झालं. चाळीस वर्षं भट्टीची धग सोसलेला माणूस गवताला भिऊन खिडकीत बसतो, हे मला बघवत नसे.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या आम्ही सातजणींनी मैदानाची कड साफ केली. फुलं यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, मुळासकट. ज्यांना आधीच अंगावर उठतं त्यांनी लांबच राहायचं. फुललेलं झाड ओढत नेलं तर बिया वाटभर पेरल्या जातात, हे आम्ही पहिल्या दिवशी चुकून शिकलो. महिन्याभराने पुन्हा उगवलं, पुन्हा काढलं. आता तिथे टाकळा वाढतोय. त्याची भाजी तरी होते.

पण सुबाभूळ? वीस वर्षांपूर्वी माहेरी गेले असताना भावाने मूठभर बिया दिल्या होत्या. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९७० च्या दशकात या झाडाचा प्रसार केला तो शेळ्या-गाईंच्या चाऱ्यासाठी, सरपणासाठी. आणि गरिबाच्या गोठ्याला त्याचा आधार झाला हे खरं. भावाकडे शेळ्या होत्या, तो पाला सतत छाटायचा, म्हणून शेंगा फारशा वाळतच नसत. माझ्याकडे शेळी नाही. वाळलेल्या शेंगा वर्षभर खुळखुळतात, आणि पाऊस पडला की अंगणात शेकडो रोपं. कढीपत्ता दोनदा लावला, दोनदा गेला. दोष मी मातीला देत होते.

भाची गेल्यावर हे म्हणाले, "सावलीला एक ठेवू, दोन काढू." तसंच ठरलं. नुसतं तोडून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. म्हणून खोडं खणून काढायची. बेलाचं रोप आणून ठेवलंय.

परवा तोडायला आलेल्या माणसाने फांद्यांकडे पाहून विचारलं, "दीदी, बकरियों के लिए ले जाऊँ?"

"पाला सगळा ने," मी म्हटलं, "पण शेंगा इथेच तोडून ठेव." त्या पोत्यात भरल्या आणि बंबात घातल्या. सकाळचं आंघोळीचं पाणी चांगलं कडकडीत तापलं.