अग्नी देण्याचा अधिकार कोणाचा?

सोळा संस्कारांतील अखेरचा संस्कार अंत्येष्टी. ज्याच्यासाठी तो व्हायचा, तो मात्र त्या वेळी काही सांगू शकत नाही. म्हणूनच धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी अंत्यकर्माच्या अधिकाऱ्यांचा क्रम लावून ठेवला. औरस पुत्रापासून सुरू होणाऱ्या त्या यादीत पत्नी आणि कन्याही आहेत, याचे विस्मरण अनेकांना झालेले दिसते. एकत्र कुटुंबाच्या काळात या क्रमावरून वाद क्वचितच होत. भाऊबंद, शेजारी आणि गाव तिरडीभोवती उभे असत. संमती सर्वांची असे, आणि ती कागदावर मागण्याचे कारण पडत नसे.

आज चित्र पालटले आहे. आई-वडील पुण्या-नाशकात, मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूत, हे मध्यमवर्गीय घराचे नेहमीचे रूप झाले आहे. मृत्यू रात्री रुग्णालयात होतो आणि देह ताब्यात घेण्यासाठी भाचा किंवा पुतण्या सही करतो. मुलगा येईपर्यंत दोन दिवस थांबायचे की नाही, विद्युतदाहिनी की लाकडाची चिता, अग्नी मुलीने द्यायचा की चुलत भावाने, देहदानाची भाषा बोलणाऱ्या वडिलांचे शब्द मानायचे की विसरायचे, असे प्रश्न शवागाराच्या दाराशी उभे राहतात. ज्याचा आवाज मोठा, त्याचा निर्णय चालतो. एरवी सभ्य असणारी घराणी अशा वेळी कायमची दुभंगतात.

कायदा या प्रसंगी काय सांगतो? डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यावे, स्मशानभूमीचा पास घ्यावा, २१ दिवसांत मृत्यूची नोंद करावी, मृत्यू संशयास्पद असेल तर पोलिसांनी पंचनामा करावा, हे सारे त्याने नेमून दिले आहे. परंतु मृताची इच्छा काय होती, हा रकाना त्या कागदांत नाही. नातेवाइकांचे एकमत नसेल तर कोणाचा शब्द अखेरचा, हे ठरविणारा सर्वसाधारण कायदाही देशात नाही.

अनेकांना वाटते की, मृत्युपत्रात लिहून ठेवले म्हणजे झाले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील मृत्युपत्राची व्याख्या मात्र मालमत्तेपुरती आहे, आणि देह ही मालमत्ता नव्हे. शिवाय मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते. तोवर अस्थींचे विसर्जनही झालेले असते.

देह ही मालमत्ता नव्हे, हे तत्त्व इंग्रजी न्यायालयांनी दृढ केले. १८८२ चा विल्यम्स खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे. क्रुकेंडन नावाच्या गृहस्थाने आपल्या देहाचे दहन करावे, असे एका स्नेही महिलेला लिहून कळविले होते. कुटुंबीयांनी त्याचे दफन केले. त्या महिलेने पुढे देह उकरून काढून इटलीत त्याचे दहन करविले आणि खर्चासाठी दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. मृताने देहाविषयी दिलेली आज्ञा बंधनकारक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्राने याच प्रश्नाची वेगळी उत्तरे पाहिली आहेत. आपला देह विद्युतदाहिनीत दहन करावा, तो माणसांच्या खांद्यावरून नेऊ नये आणि आपल्यासाठी दुकाने बंद ठेवू नयेत, असे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिहून ठेवले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईच्या चंदनवाडीत विद्युतदाहिनीतच त्यांचे दहन झाले. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई १९७७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला दफनाऐवजी दहन मिळाले. दोघांच्याही आप्तांवर कायद्याची सक्ती नव्हती. दिलेला शब्द पाळण्याची निष्ठा तेवढी होती. ज्याचे आप्त इतके निष्ठावान नसतील, त्या सामान्य माणसाने काय करावे?

वाट कायद्यातच आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार एखाद्याने दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांतील एक जवळचा नातेवाईक असेल, अवयवदानाची लेखी संमती दिली, तर मृत्यूनंतर तिला मान मिळतो. डोळ्यांविषयी आणि मूत्रपिंडांविषयी माणसाचा शब्द चालतो, मग संपूर्ण देहाला अग्नी कसा द्यावा याविषयी तो का चालू नये? सन्मानाचा अधिकार मृतदेहालाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात म्हटले आहे. मृताच्या इच्छेचा आदर हा त्या सन्मानाचाच भाग नव्हे काय?

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. अंत्यविधी हा मागे राहिलेल्यांच्या दुःखाचाही विधी असतो, मग त्यांच्या श्रद्धेला स्थान नाही का? स्थान अवश्य आहे. दिवसकार्य, श्राद्ध, स्मरण हे आप्तांचे क्षेत्र आहे आणि तेथे त्यांची श्रद्धाच प्रमाण असावी. देहाचे काय करावे, एवढा एक निर्णय मात्र ज्याचा देह त्याचा असावा.

म्हणून विधिमंडळाने छोटासा कायदा करावा. लेखी इच्छा असल्यास ती ग्राह्य धरावी. नसल्यास पती किंवा पत्नी, मग मुलगे व मुली समान अधिकाराने, मग आई-वडील व भावंडे, असा क्रम असावा. वाद झाल्यास निर्णय काही तासांत देणारा अधिकारी नेमलेला असावा.

तोवर घराघराने आपले काम करावे. दोन ओळी लिहाव्यात, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, कागद मृत्युपत्राच्या पाकिटात न ठेवता सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा आणि मुलांना बोलावून तो वाचून दाखवावा. वस्तीत, सोसायटीत कोणाचे निधन झाले की सर्वप्रथम धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांनीही तिरडी बांधण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : यांनी काही सांगून ठेवले होते का? मृत्यूचे नाव घेणे अशुभ, ही समजूत पुष्कळ घरांत या बोलण्याच्या आड येते. ज्या धर्माने मृत्यूलाही संस्काराचे स्थान दिले, त्याच्या अनुयायांना ती शोभत नाही.